आर्क्टिक 1871, स्केल 1:300 : बर्फात अडकलेल्या जहाजांचं मॉडेल, कामाच्या नोंदी

12 जानेवारी 2025

याआधी गलबतं केली, एक पडाव केला, पण बर्फ कधी केला नव्हता. रत्नागिरीत बसून बर्फ करणारं दुसरं कोणी सापडलं नाही, त्यामुळे जसं होईल तसं लिहीत जाते, म्हणजे पुढे कोणाला करायचं असेल तर जिथे माझे पैसे गेले तिथे त्याचे जायला नकोत.

विषय असा. 1848 मध्ये थॉमस रॉइस नावाचा अमेरिकन कप्तान बेरिंगची सामुद्रधुनी ओलांडून वर गेला आणि तिथे बोहेड व्हेल भरपूर आहेत हे कळलं, मग काय, दर उन्हाळ्यात व्हेलवाली जहाजं तिकडे जायला लागली, बरीचशी मॅसॅच्युसेट्समधल्या न्यू बेडफर्डची. 1871 च्या ऑगस्टअखेर अलास्काच्या वायव्य किनाऱ्यावर, वेनराइट आणि पॉइंट बेल्चरच्या आसपास, 33 जहाजं किनारा आणि बर्फ यांच्या मधल्या पाण्याच्या पट्टीत अडकली. 14 सप्टेंबरला सगळ्यांनी जहाजं सोडली. 1219 माणसं, त्यात काही कप्तानांच्या बायकापोरंसुद्धा, छोट्या होड्यांतून दक्षिणेला गेली आणि एकही माणूस दगावला नाही. जहाजांचं नुकसान मात्र 16 लाख डॉलरच्या घरात.

दाखवायचं काय हा पहिला प्रश्न. बर्फातलं जहाज म्हटलं की सगळे एकच करतात, जहाज कललेलं, मधोमध मोडलेलं, मागे बर्फाचे सुळके. तसं अजिबात झालं नाही असं नाही, कॉमेट 2 सप्टेंबरला चिरडलं, रोमन 7 ला, अवाशॉन्क्स 8 ला. रोमन तर दोन प्रचंड लाद्यांमध्ये सापडून 45 मिनिटांत संपलं. पण बाकीची बहुतेक जहाजं सोडली तेव्हा धड होती. नांगर टाकलेले, शिडं गुंडाळलेली, पोटात तेल आणि बलीन, म्हणजे व्हेलच्या जबड्यातल्या त्या लवचिक पट्ट्या ज्या तेव्हा बायकांच्या कॉर्सेटमध्ये जायच्या. चालू जहाज, माल भरलेला, आणि त्यावरून उतरून निघून जायचं. मला ते करायचंय. मोडलेलं जहाज एकही नाही.

26 जानेवारी

स्केल ठरवताना बराच वेळ गेला आणि तो जायलाच हवा होता. जहाजाचा नमुना म्हणून लागोडा घेतलंय. हे 1826 सालचं, साधारण 108 फूट लांब, तीन डोलकाठ्यांचं बार्क. न्यू बेडफर्डच्या व्हेलिंग म्युझियममध्ये याचं अर्ध्या मापाचं मॉडेल आहे, इमारतीच्या आत उभं, 1916 पासून. मावसभाऊ बोस्टनजवळ असतो, त्याच्या मागे लागून डेकचे, बाजूचे, वरच्या दोऱ्यांचे फोटो काढून घेतले. लागोडा स्वतः अडकलं नव्हतं, ते बर्फाबाहेर मोकळ्या राहिलेल्या सात जहाजांपैकी एक, पण या धंद्यातली बार्क एकमेकांपासून फार वेगळी नसायची आणि 1:300 ला तर फरक दिसतच नाही.

1:300 ला जहाज 11 सेंमी, होडी 3 सेंमी, माणूस 6 मिमीच्या आत. आता मुख्य गोष्ट, पाण्याची खोली. जहाजं 14 ते 24 फूट पाण्यात नांगरलेली होती. म्हणजे मॉडेलमध्ये 14 ते 24 मिमी. बस. हे कागदावर काढलं तेव्हा मला पहिल्यांदा नीट कळलं की काय झालं होतं. बर्फाच्या मोठ्या लाद्या वाऱ्याने किनाऱ्याकडे येतात, त्यांचं बहुतेक अंग पाण्याखाली, त्यामुळे उथळ पाण्यात त्या तळाला टेकतात आणि तिथेच बसतात. टेकलेल्या लाद्यांच्या आतल्या बाजूला थोडं पाणी मोकळं राहतं, जहाजं त्यात शिरतात कारण तीच सुरक्षित जागा, आणि मागून आणखी बर्फ येऊन ती पट्टी अरुंद होत जाते. कुठे अर्धा मैल, कुठे जेमतेम 200 यार्ड.

200 यार्ड म्हणजे 61 सेंमी. तेवढ्यासाठी 3 बाय 3 फुटांचा बेस. 12 मिमी प्लाय, कापून 850 रुपये. किनारा 8 सेंमी, मग पाणी, मग उरलेला बर्फ.

आणि एक बाजू उघडी ठेवणार, कापलेला केक बाजूने बघावा तशी. किनारा, तळ, वाळूचा बांध, जहाजाचं पोट, टेकलेली लादी हे सगळं त्या बाजूने दिसलं पाहिजे, नाहीतर या मॉडेलला अर्थ नाही.

9 फेब्रुवारी

तळ तयार. फोमबोर्डचे थर, वर वॉल पुट्टी. 2015 मध्ये अमेरिकेच्या नोआ या समुद्र-हवामान संस्थेच्या लोकांनी वेनराइटजवळ सोनार यंत्राने, म्हणजे ध्वनिलहरींनी, तळ तपासला तेव्हा दोन जहाजांचे खालचे भाग सापडले, नांगर, वजनासाठी भरलेले दगड वगैरे. ते किनाऱ्यापासून साधारण 100 यार्डांवर पाण्याखालच्या वाळूच्या बांधाला अडून राहिले होते. वरचा भाग बर्फाने उडवला, खालचा वजनामुळे तिथेच राहिला. म्हणून माझ्या तळाला 30 सेंमीवर उंचवटा दिलाय, त्याच्या बाहेरच्या अंगाला जहाजं.

पाण्यासाठी सगळीकडे पूर्ण खोलीचं रेझिन, म्हणजे ओतल्यावर कडक होणारं पारदर्शक प्लास्टिक, ओतायचं म्हटलं तर हिशोब आठ किलोच्या पुढे जातो. परवडत नाही. तोडगा असा काढला की उघड्या बाजूची 10 सेंमी रुंद पट्टी खरोखर खोल ठेवायची, तिथून मागे तळ हळूहळू वर आणायचा आणि मागच्या भागात रंगवलेल्या तळावर फक्त 4 मिमी रेझिन. वरून बघताना कळत नाही, रंग नीट हवा. त्यामुळे तीन किलोत बसतं.

किनाऱ्यासाठी भाट्याच्या किनाऱ्यावरची वाळू आणून चाळली, पण 1:300 ला बारीक वाळूसुद्धा धोंडे दिसते. रांगोळी वापरली, काळी आणि विटकरी मिसळून, ती बरोबर बसली. मागे डोंगर नाहीत. तिथला किनारा सपाट आहे, सप्टेंबरात टुंड्रा तपकिरी-तांबूस असतो. नवरा म्हणाला मागे दोन पांढरे डोंगर टाक, उठाव येईल. नाही टाकले. तांबूस गवतासाठी वापरलेली चहाची पावडर वाळवून चिकटवली, रंग फुकटात मस्त आला.

2 मार्च

चार जहाजांची पोटं कोरून झाली. बाल्साने सुरुवात केली होती, ऑनलाइन 640 रुपयांचा पॅक, पण बाल्सा इतका मऊ की नखाचा ओरखडा उठतो आणि प्रायमर पीत बसतो. टाकून दिला. शेवटी टाइल्सच्या दुकानामागे पडलेल्या पॅकिंगच्या खोक्याचं पाइन उचललं, तेच चांगलं निघालं. गाठ असलेला भाग घेऊ नका, टोकाला फाटतो.

या जहाजांचा आकार गोंडस वगैरे नसतो. पोट फुगीर, नाळ बोथट, कारण वेगाशी यांना काही देणंघेणं नाही, पिंपं मावली पाहिजेत. डेकवर पुढच्या आणि मधल्या डोलकाठीच्या मध्ये विटांची चूल, त्यात मोठ्या कढया, चरबी तिथेच समुद्रात कढवायची. ती चूल 1:300 ला तांदळाच्या दाण्याएवढी येते पण ती नसेल तर हे व्हेलचं जहाज वाटतच नाही, साधं मालवाहू होतं. लाल एम-सीलचा तुकडा, वर सुईने विटांच्या रेघा. बाजूला लटकणाऱ्या होड्यांचे वाकडे खांब तांब्याच्या तारेचे.

23 मार्च

डोलकाठ्या. बांबूची काडी तासून 10 सेंमीचा निमुळता खांब करायचा हे काम मी दोन रविवार केलं आणि मग खराटा दिसला. नारळाचा हीर. मुळात निमुळता, गुळगुळीत, चिवट, आणि जाडीप्रमाणे निवडायला हवे तेवढे. आडव्या काठ्यांना बारीक टोकं, खांबांना जाड बुडं. मागच्या डोलकाठीला आडव्या काठ्या नाहीत हे लक्षात ठेवा, बार्कमध्ये पहिल्या दोनच डोलकाठ्यांना चौकोनी शिडं असतात.

हीर वाकतो. दमट हवेत जास्त. कोमट पाण्यात भिजवून काचेवर टेपने सरळ चिकटवून दोन दिवस पंख्याखाली ठेवायचा, मग लगेच लॅकर मारायचं. लॅकर न मारलेले तीन पुन्हा वाकले.

दोऱ्यांना शिवणकामाचा दोरा चालत नाही, त्याला लव असते, 1:300 ला ती लव म्हणजे दोरखंडाला केस फुटल्यासारखं दिसतं. मेण लावून कमी होते पण जात नाही. ब्युटी पार्लरवाल्या मैत्रिणीकडून नायलॉनच्या खोट्या केसांची बट आणली, काळी. एकेक केस, टोकाला सुपरग्लूचा ठिपका. मान मोडते पण फिनिश बघितल्यावर दोऱ्याकडे परत जाववत नाही. गुंडाळलेली शिडं टिश्यू पेपर आणि पातळ फेविकॉलची.

13 एप्रिल

बर्फ. यासाठीच लिहायला बसले होते.

आधी थर्माकोल. फोडलेली कड दाणेदार येते, साबुदाणा दिसतो, आणि स्प्रे पेंट मारला की विरघळतो. बाद. मग मेण, बाजारातलं साधं पॅराफिन, 300 रुपये गेले. ताटात ओतून गार झाल्यावर फोडलं तर कडा सुंदर, आतून थोडं पारदर्शक, अगदी हवं तसं. फोटो काढून भावाला पाठवले. पण एप्रिलच्या दुपारी पत्र्याच्या पडवीत ठेवलेल्या लाद्यांच्या कडा गोल झाल्या. शिवाय रेझिन ओतल्यावर ते तापतं, मेण त्यात टिकणार नाही. तेही बाद.

प्लास्टर ऑफ पॅरिस. काचेवर तेलाचा हात फिरवून 3-4 मिमी जाडीचा थर ओतायचा, पूर्ण वाळायच्या आधी, साधारण दगडी झाला पण ओल आहे अशा वेळी उचलून हाताने मोडायचा. कापायचा नाही. कापलेली कड लगेच ओळखू येते. वाळल्यावर मोडलं तर धूळ होते, ओलं मोडलं तर वाकतं, मधली वेळ स्वतःच पकडावी लागेल, हवेप्रमाणे बदलते. किलोभर प्लास्टर 40 रुपये, म्हणजे कितीही वेळा बिघडलं तरी चालतं, आणि बिघडतं.

बाहेरच्या बाजूच्या लाद्या वेगळ्या केल्या, जाड ठोकळे, तळापर्यंत पोचणारे, 24 मिमी पाण्यात आणि वर थोडं. एकमेकांवर चढलेल्या लाद्यांचा ढीग फक्त तिथे, टेकलेल्या बर्फाच्या रांगेवर, कारण मागचा बर्फ ढकलतो आणि पुढचा हलत नाही तेव्हाच ढीग होतो. आतल्या पाण्यात सुटे सपाट तुकडे. सुळका एकही नाही. हिमनग हा वेगळा प्रकार, ते हिमनदीचे तुकडे, इथला बर्फ समुद्राचाच गोठलेला.

रंग पांढराफेक ठेवू नका. पाण्याखालच्या अंगाला हिरवट निळा अगदी पातळ, कडांना राखाडी, टेकलेल्या ठोकळ्यांच्या बुडाला थोडा तळाचा चिखल. वरचं बर्फ म्हणून बेकिंग सोडा बरेच जण वापरतात, तो आमच्या हवेत ओल धरून पिवळा पडतो. पांढरी रांगोळी वापरा, शिरगोळ्याची, पातळ फेविकॉलवर गाळणीने पेरायची. दगडाची पावडर, तिला काही होत नाही.

4 मे

रेझिन, पहिला प्रयत्न, वाया. बाजूला ॲक्रिलिकची पट्टी लावून आतून ब्राऊन टेप मारला (रेझिन टेपला चिकटत नाही, ॲक्रिलिकला चिकटतं), फटी एम-सीलने बंद केल्या, जहाजं आणि ठोकळे बसवले आणि खोल पट्टीत एका दमात पूर्ण 24 मिमी ओतलं. अर्ध्या तासात हात लावता येईना इतकं गरम. धूर निघाला, पिवळं पडलं आणि मधून चीर गेली. डब्यावर लिहिलेलं असतं एका वेळी किती ओतायचं, आणि ते मे महिन्यातल्या रत्नागिरीसाठी लिहिलेलं नसतं हे धरून त्याच्याही निम्मंच ओता.

दुसरा गोंधळ बुडबुड्यांचा. प्लास्टरच्या ठोकळ्यांमधली हवा रेझिनमध्ये निघत राहते, प्रत्येक लादीभोवती बुडबुड्यांची माळ. वरचे बुडबुडे हेअर ड्रायरने फुटतात, आतले राहतात. त्यामुळे ठोकळ्यांना आधी लॅकरचे दोन हात, सगळ्या बाजूंनी, बुडालासुद्धा.

छिन्नीने सगळं काढलं. एक जहाज त्यात गेलं, ते नव्याने करावं लागणार. रेझिनचे 1,100 रुपये.

25 मे

थर 5 मिमीचे करून पुन्हा ओतलं, प्रत्येक थरामध्ये एक दिवस, आणि शेवटचा थर ओतला त्याच दिवशी आभाळ फाटलं. यंदा पाऊस मे महिन्यातच आला, कोणाच्या ध्यानीमनी नाही. दमट हवेत रेझिनवर पांढरट तेलकट साय येते तशी आली, पाणी गढूळ दिसायला लागलं. घाबरून सँडपेपर मारू नका. कोमट पाणी, साबण, मऊ फडका, साय निघून जाते, मग कोरडं करून हवा बरी असेल त्या दिवशी 1 मिमीचा पातळ थर. माझ्याकडे तसा दिवस यायला वेळ लागला. खोलीत डिह्युमिडिफायर असेल तर प्रश्नच नाही, माझ्याकडे टेबल फॅन आणि 100 चा पिवळा बल्ब.

15 जून

पाऊस आहे तोवर होड्या.

वाऱ्याची गोष्ट इथे सांगते कारण होड्यांची संख्या त्यावरून ठरते. त्या किनाऱ्यावर ईशान्येचा वारा असला की बर्फ समुद्राकडे ढकलला जातो आणि वाट मोकळी होते. कप्तानांचा सगळा हिशोब यावर. ऑगस्टमध्ये बर्फ एकदा आत आला, 25 ला ईशान्येचा जोराचा वारा सुटून बाहेर गेला, लोक परत व्हेलच्या मागे लागले. तिथल्या मूळच्या इनुपिआत लोकांनी सांगितलं होतं की थांबू नका. 29 ला वारा नैर्ऋत्येचा झाला आणि बर्फ परत आला तो गेलाच नाही. मग अडकलेल्या फ्लोरिडा जहाजाचा कप्तान फ्रेझर होड्या घेऊन दक्षिणेला बघायला गेला, आइसी केपच्या पलीकडे सात जहाजं मोकळी सापडली. त्यांनी थांबायचं कबूल केलं. त्यातल्या प्रोग्रेसचा कप्तान डाउडेन याचा निरोप तर असा की जवळ एक नांगर आणि एक काठी असेपर्यंत मी थांबतो. 12 सप्टेंबरला अडकलेल्या कप्तानांनी कागदावर सह्या केल्या. त्यात कारण स्वच्छ लिहिलंय, अन्न तीन महिन्यांच्या वर पुरणार नाही आणि या ओसाड मुलखात ना अन्न ना जळण.

तेव्हा होड्या. जवळपास 200 होड्या निघाल्या होत्या, माझ्या चार जहाजांच्या वाट्याला वीस-पंचवीस येतात. एक नीट कोरली, दोन्ही टोकं निमुळती हे महत्त्वाचं, या होडीला मागचं-पुढचं सारखंच असतं. तिचा सिलिकॉनचा साचा केला, उरलेल्या रेझिनमध्ये ओतून काढल्या. साच्याचं सिलिकॉन 450. मग प्रत्येकीच्या काठावर कागदाची पट्टी चिकटवून काठ उंच केले, आणि पुढच्या टोकाला तांब्याच्या टेपचा तुकडा. हे सजावटीसाठी नाही. सुतारांनी तेव्हा खरोखर काठ वाढवले होते कारण होड्यांत माणसं, ब्लँकेटं, पिठाची पोती सगळंच जाणार होतं, आणि पट्टीतल्या पाण्यावर पातळ नवा बर्फ धरत होता, तो पातळ असला तरी लाकूड कापतो, म्हणून पुढे तांबं ठोकलं. तो नवा बर्फ मी मॅट वार्निशच्या पुसट ठिगळांनी दाखवलाय, तिरक्या उजेडातच दिसतो.

माणसं तारेचे तुकडे, डोक्याला फेविकॉलचा ठिपका, कपडे काळे-तपकिरी. दोनचार बायका, घेर मोठा.

29 जून

शेजारचे तांडेल काका आले. त्यांची बोट मिरकरवाड्याला बंद आहे पावसाळ्याची, त्यामुळे वेळच वेळ. बराच वेळ बघत राहिले.

"फुटलंय कुठचं गो यातलं?"

"कुठचंच नाही काका."

"मग सोडून चाललेत कशाला?"

उघड्या बाजूला नेऊन दाखवलं, हा तळ, हा वाळूचा बांध, हे जहाजाचं बूड, हा टेकलेला बर्फ. बुडाखाली किती पाणी उरतं ते त्यांनी बोटाने मोजलं. त्यांना बाकी काही सांगावं लागलं नाही. भाट्याच्या खाडीच्या तोंडाशी वाळू साचते तिथे बोटी कशा लागतात ते त्यांनीच मला अर्धा तास सांगितलं.

मग मी कोहोलाचं सांगितलं. कोहोला म्हणजे होनोलुलूचं छोटं, दोन डोलकाठ्यांचं ब्रिग, त्यातला माल उतरवून हलकं केलं की बांधावरून निसटवता येईल म्हणून. सगळं काढूनसुद्धा त्याला नऊ फूट पाणी लागत होतं आणि वेनराइटच्या खाडीच्या तोंडाशी बांधावर होतं पाच-सहा फूट. काका लगेच म्हणाले, "मग भरतीला काढायचं." तिथे भरती-ओहोटी फूटभरसुद्धा नसते म्हटल्यावर त्यांचा चेहरा बघण्यासारखा झाला. "भरती नाय? मग दर्या कसला तो?"

जाताना म्हणाले एक तरी फुटलेलं ठेव, लोक विचारतील. ठेवणार नाही. पण बाजूच्या पट्टीवर खोलीचे आकडे लिहायचे हे त्यांच्यामुळे सुचलं, फुटात, कारण ते वाचल्याशिवाय 24 मिमी म्हणजे काय ते बाकीच्यांना कळणार नाही.

20 जुलै

चहाच्या पावडरीला बुरशी आली. पांढरे केस, सगळ्या किनाऱ्यावर. एकजण म्हणाला बर्फ पडल्यासारखं दिसतंय, राहू दे. खरवडून काढलं, स्पिरिटने पुसलं, लाकडाचा भुसा ॲक्रिलिक रंगात कालवून वाळवून लावला. कोकणात चहा, कॉफी, मसाले, वाळलेलं शेवाळ असलं काही खाण्यापिण्यातलं किंवा झाडाचं वापरायचंच असेल तर आधी भाजा आणि वरून लॅकर मारा.

झेंडे लावले. 14 तारखेला जहाजांवर झेंडे चढवले, निघायची ती खूण. 1872 मध्ये बॉस्टनला छापलेल्या चित्रकार बेंजामिन रसेलच्या शिळाछापांमध्ये जहाजांची आणि होड्यांची मांडणी बघायला मिळते, होड्यांच्या रांगा त्यावरून लावल्या. अमेरिकेचा झेंडा तेव्हा 37 ताऱ्यांचा होता. माझा झेंडा 1 सेंमीचा, तारे म्हणजे ठिपकेसुद्धा दिसत नाहीत, तरी 37 वाला शोधून टिश्यूवर प्रिंट केला. याचं समर्थन करणार नाही. वाऱ्याची दिशा मात्र पाळा, झेंडे आणि होड्यांची छोटी शिडं एकाच बाजूला फुगलेली हवीत, आधी माझ्या दोन जहाजांवर वारा दोन दिशांनी वाहत होता.

24 ऑगस्ट

गणपती तीन दिवसांवर, हॉल रिकामा करायचा हुकूम. 3 फुटी बेस, प्लास्टर, रेझिन मिळून वजन इतकं झालंय की दोघांनी उचलावं लागतं. उचलताना प्लाय मध्ये किंचित लवला आणि खोल पट्टीच्या कोपऱ्यात रेझिन तळापासून सुटलं, तिथे चांदीसारखा चमकता डाग दिसतो. खालून आधी अँगल मारायला हवा होता. आता मारला, 280 रुपये, डाग मात्र तसाच. सुईने भोक पाडून पातळ रेझिन आत सोडायचा प्रयत्न केला, अर्धा गेला.

पाहुणे येणार, प्रत्येकजण फुटलेलं जहाज शोधणार, म्हणून पाटी लिहून टाकली. गोष्ट लिहायला गेले तर लांबत चालली, शेवटी फक्त सात जहाजांची यादी ठेवली, कोणी किती माणसं घेतली: युरोपा 280, आर्क्टिक 250, प्रोग्रेस 221, लागोडा 195, डॅनियल वेब्स्टर 113, मायडस 100, चान्स 60. ही काही प्रवासी जहाजं नव्हती, माणसांना जागा व्हावी म्हणून त्यांनी आपला माल आणि शिकारीचं सामान समुद्रात टाकलं, आणि तसेच होनोलुलूपर्यंत गेले. भाचीने बेरीज करून बघितली, 1219 आली, मग तिने विचारलं की जहाजं नंतर आणायला कोणी गेलं का. गेलं. अडकलेल्या मॉन्टिसेलो जहाजाचा कप्तान विल्यम्स, जो बायको आणि 12 वर्षांच्या मुलाला घेऊन होडीतून निघाला होता, तो 1872 मध्ये परत गेला. गे हेड आणि कॉन्कॉर्डिया जळालेली होती, बाकीची बहुतेक चुरा किंवा बुडालेली, मिनर्व्हा तेवढं परत कामाचं निघालं. "मग बाकीच्यांनी पण थोडं थांबायला हवं होतं ना मावशी," असं तिचं म्हणणं. 1876 मध्ये त्याच भागात पुन्हा 12 जहाजं सोडायची वेळ आली तेव्हा 50 च्या आसपास लोक जहाजांवरच थांबले होते. ते परत कोणाला दिसले नाहीत. हे तिला सांगितलं.

7 सप्टेंबर

विसर्जन झालं, मॉडेल परत हॉलमध्ये. वर ॲक्रिलिकचं कव्हर, 4 मिमी शीट, कापून-चिकटवून 3,400, या सगळ्या कामातली सर्वात महाग वस्तू. उंची मोजताना झेंड्याची काठी धरायची राहिली नाही ना ते दोनदा बघा. माझी बसली, दोन मिमी वर जागा आहे.

एकूण खर्च, वाया गेलेलं धरून, 11,000 च्या थोडा वर. कव्हर आणि रेझिन सोडलं तर बाकी फुटकळ. परत केलं तर रेझिनचं काम डिसेंबर-जानेवारीत आटपेन आणि बेस 2 बाय 3 चा घेईन, जहाजं तीनच.

कव्हर सिलिकॉनने कायमचं चिकटवलं कारण धूळ आणि पाली. चिकटवल्यानंतर चार दिवसांनी दुसऱ्या जहाजाची मागची डोलकाठी वाकायला लागलीय, लॅकर न मारलेला हीर नेमका तिथे गेलेला दिसतो. आता काही करता येत नाही. तुम्ही कव्हर स्क्रूने बसवा, खाली रबराची पट्टी टाका, पाल शिरत नाही.